केशपात, प्रकाशचिकित्सा आणि नावाचा प्रश्न

२०२५ च्या जानेवारीत आम्ही विदर्भाच्या पूर्व टोकाला, गोंदियात बसून, पश्चिमेकडील बुलढाणा जिल्ह्याच्या वार्ता वाचीत होतो. शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस थोड्या दिवसांतच गळून पडत होते आणि त्या प्रकारास ‘टक्कल व्हायरस’ हे नाव मिळाले होते. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या शरीरात सेलेनियम वाढल्याचे दाखवून रेशनच्या गव्हाकडे लक्ष वेधले. अनेकांचे केस पुन्हा उगवले. नाव मात्र भय पसरवून गेले.

अशा वेळी लेझरच्या कंगव्याची वा टोपीची जाहिरात पुढे आली, तर तिचा उपयोग कोणास? या प्रश्नाचा विचार शब्दांपासूनच करावा लागतो.

‘टक्कल’ हा शब्द सर्वसमावेशक आहे. परंतु गोल चट्ट्याने केस जातात तेव्हा मराठी माणूस ‘चाई पडली’ असे म्हणतो. सुश्रुताने इंद्रलुप्त व खालित्य हे शब्द पर्याय म्हणून दिले. वाग्भटाने मात्र क्रमाक्रमाने होणारा केशपात तो खालित्य, असा भेद केला. हा भेद आजही उपयोगी आहे.

१९६७ साली बुडापेस्ट येथे एंद्रे मेश्टर यांनी केस काढलेल्या उंदरांवर मंद लेझर सोडला. त्याने कर्करोग होतो काय, हे पाहावयाचे होते. कर्करोग झाला नाही; उलट केस लवकर वाढले. आजच्या उपकरणांतील तांबडा प्रकाश सुमारे ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. तो त्वचा भाजत नाही. पेशींतील तंतुकणिका तो शोषून घेतात व केशमुळांच्या वाढीस चालना मिळते, असे मानतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये लेझर-कंगव्यास अनुमती दिली ती आनुवंशिक, क्रमाने वाढणाऱ्या केशपातासाठी, म्हणजे स्थूलमानाने वाग्भटाच्या खालित्यासाठी. केशमुळे नष्ट झालेल्या गुळगुळीत टाळूवर त्याचा उपयोग नाही, आणि उपचार थांबला की लाभही ओसरतो.

चाईची गोष्ट वेगळी. तीत शरीराची प्रतिकारशक्तीच केशमुळांवर उलटते. तेथे ३०८ नॅनोमीटरचा अतिनील लेझर वापरून पाहतात. सेलेनियमच्या बाधेत तर प्रकाशाचे काही कामच नाही; बाधक अन्न थांबविणे हाच उपाय होय.

तिन्ही विकार ‘टक्कल’ या एकाच नावाखाली आणले, की एकाचा उपचार दुसऱ्यास विकला जातो. यास्तव परिभाषेची काटेकोरता हा केवळ कोशकारांचा विषय नव्हे. रुग्णाचा पैसा आणि वेळ तीवर अवलंबून असतो.