गोष्ट सांगा, कारणही सांगा

वैशाख सरत आला, की पावशा ओरडू लागतो. आजी नातवाला म्हणते, "ऐकलंस का? पेर्ते व्हा, पेर्ते व्हा, असं सांगतोय तो." नातू ते विसरत नाही. मोठा झाल्यावर तोही आपल्या मुलांना हेच सांगतो.

आता पावशा काही आपल्यासाठी ओरडत नाही. हे दिवस त्याच्या विणीचे. नर मादीला साद घालतो. मादी स्वतः घरटे बांधत नाही. ती सातभाईसारख्या पक्ष्याच्या घरट्यात अंडे घालते. पाऊस पडला, की किडे, अळ्या पुष्कळ होतात. पिलांना खायला मिळते. म्हणून त्याची वीण पावसाला धरून असते. आपली पेरणीही पावसालाच धरून असते. दोघांची वेळ एकच आली. गोष्टीमुळे ती वेळ ध्यानात राहिली. कारण कळल्यामुळे समज वाढली.

पूर्वीच्या बहुतेक माणसांना लिहिता-वाचता येत नव्हते. मग शिकलेले साठवायचे कुठे? ते त्यांनी गोष्टीत साठवले.

राईची गोष्ट

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात गावोगाव देवराया आहेत. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. तिथे ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण असे मोठे वृक्ष असतात. गारंबीच्या वेली झाडांवर चढलेल्या असतात. भर दुपारी आत गेले, तरी गार वाटते.

हे रान कोणी राखले? पुष्कळ ठिकाणी गोष्टीने राखले. "राईतलं लाकूड तोडू नको रे बाबा. देव कोपेल. घरात दुखणं येईल." असे सांगत. देवळाच्या कामाला लाकूड लागले, तर गाव जमे. देवाला कौल लावला जाई. मग लागेल तेवढेच लाकूड घेत. मनात आले आणि एकट्याने कुऱ्हाड चालवली, असे होत नसे.

यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. घ्यायचे ते सर्वांना विचारून घ्यावे. आणि गरजेपुरतेच घ्यावे.

झरा कुठून येतो

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरी चैत्र-वैशाखात कितीतरी वाड्यांवर पाण्याची ओरड होते. असे का?

उघड्या कातळावर पाणी थांबत नाही. उतार धरून ते ओढ्यात जाते. ओढ्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जाते. राईत तसे होत नाही. पावसाचा मार आधी पानांवर पडतो. खाली पातेरा साचलेला असतो. त्यात पाणी मुरते. मुळांच्या वाटांनी ते जमिनीत खोल उतरते. मग तेच पाणी हळूहळू पाझरते. अनेक गावांत राईजवळच झरा किंवा तळे आढळते, ते यामुळेच. देव राई राखतो, असे आपण म्हणतो. खरे पाहता राई आपल्याला राखते.

भीती गेली, मग?

आता मुलगा शहरात शिकून येतो. तो विचारतो, "देव कोपतो, हे कशावरून?" त्याला उत्तर देता आले नाही, तर तो म्हणेल, "मग तोडायला काय हरकत आहे?" राईला खरा धोका इथेच आहे. नुसत्या भीतीवर उभी असलेली गोष्ट, भीती गेली की कोसळते. तिच्याबरोबर झाडेही जातात आणि झराही जातो.

श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाचे उदाहरण पाहा. तो भाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. आता त्याला रायगड जिल्हा म्हणतात. गाणी गावात काळकाई देवीची राई होती. १९७० नंतरच्या काही वर्षांत तिच्यावर तोडीची पाळी आली. गावकऱ्यांनी एक गोष्ट नीट पाहिली होती. आसपासचे रान गेले, तसे तिथले ओहळ आटले. राईतला झरा मात्र वाहत राहिला. त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांची मदत मागितली. वर्तक आणि माधव गाडगीळ हे त्या काळात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करत होते. राई तोडीतून सुटली. गावकऱ्यांच्या मनात देवी होतीच. पण हाती कारणही होते. म्हणून त्यांचे म्हणणे टिकले.

समुद्रावरची नवी गोष्ट

कासवाला आपण मान देतो. देवळात गाभाऱ्यासमोर कासव असते. तरी किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी चोरीला जात. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी २००२ पासून हे बदलू लागले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेतले. अंडी जपून ठेवण्याचे आणि पिले समुद्रात सोडण्याचे काम सुरू झाले. पुढे लोक लांबून पिले पाहायला येऊ लागले. ते गावातल्या घरांत उतरतात. घरचे साधे जेवण जेवतात. गावाला चार पैसे मिळतात. आपल्या पावसजवळ गावखडीच्या किनाऱ्यावरही कासवे अंडी घालतात. तिथेही अंडी जपली जातात.

मादी वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते. सुमारे पन्नास दिवसांनी पिले बाहेर येतात. रात्री समुद्राच्या बाजूला उजळ दिसते, तिकडे ती धावतात. किनाऱ्यावर मोठे दिवे लावले, तर ती चुकून दिव्याकडे वळतात आणि मरतात. एक दिवा कमी लावला, तर पुष्कळ पिले वाचतात. साधे राहणे म्हणजे असे. त्याला पैसा लागत नाही.

आपण काय करावे

पहिले, पातेरा जाळू नका. तो झाडाच्या बुंध्याभोवती पसरा. जमिनीत ओल टिकते. पुढे त्याचेच खत होते. वणव्याची भीतीही कमी होते.

दुसरे, एक झाड निवडा. बारा महिने त्याच्याकडे पाहा. पालवी कधी आली? फूल कधी आले? फळ खायला कोण आले? आता तुम्हांला लिहिता येते. तेव्हा तारीख घालून वहीत दोन ओळी लिहा.

तिसरे, जे पाहिले, त्याची गोष्ट करा आणि रात्री जेवणानंतर मुलांना सांगा. नमुन्यादाखल ही एक ऐका.

राईतल्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी बसते. ढोलीचे तोंड ती लिंपून घेते. चोच बाहेर येईल, एवढीच फट ठेवते. आत ती अंडी उबवते. नर रानभर हिंडतो. उंबर, वड यांची फळे आणतो आणि फटीतून तिला भरवतो. असे कितीतरी आठवडे चालते. नराला कोणी मारले, तर आत बसलेल्यांचे हाल होतात. जुने झाड तोडले, तर त्यांचे घरच जाते.

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. हिच्यात भूत नाही, शाप नाही. तरी मूल विचारील, "मग त्या बेहड्याला कोणी तोडणार नाही ना?"

त्या प्रश्नाचे उत्तर तुम्हांला द्यायचे आहे.