मलेरिया आणि अँटिऑक्सिडंट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज: अँटिऑक्सिडंट घेतले की मलेरियाचे जंतू मरतात.

पावसाळा लागला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमध्ये डासांइतकाच हा सल्लाही घोंघावतो: पपईच्या पानांचा रस प्या, किवी खा, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या. फळे खायला कोणाचीच ना नाही. पण त्यांनी परजीवी मरतो, हे साफ चूक आहे.

वस्तुस्थिती: मलेरियाचा परजीवी प्लास्मोडियम तांबड्या पेशीतले निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन फस्त करतो. त्यातून सुटणारे हीम त्यालाच विषारी असते. शिवाय सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. म्हणून तो हीमचे स्फटिक करून ठेवतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे तपकिरी-काळे हिमोझॉइन ते हेच. पेरॉक्साइड फोडणारे कॅटलेज त्याच्यापाशी नाही. तो थायोरेडॉक्सिन आणि ग्लुटाथायोन या अँटिऑक्सिडंट यंत्रणांवर निभावतो, वर पेशीचे पेरॉक्सिरेडॉक्सिन-२ही पळवतो. थोडक्यात, अँटिऑक्सिडंट ही परजीवीचीच गरज आहे. औषधांचा घावही इथेच बसतो: क्लोरोक्विन स्फटिक बनू देत नाही; आर्टेमिसिनिन हीममधील लोहामुळे सक्रिय होऊन परजीवीची प्रथिने निकामी करते.

याचा पुरावा शेजारच्या कल्याणच्या नावाशीही जोडलेला आहे. जी-६-पीडी हे एन्झाइम तांबड्या पेशीला ऑक्सिडीकरणापासून वाचवते. त्याच्या कमतरतेचा ‘जी-६-पीडी कल्याण’ हा प्रकार एका कोळी कुटुंबात सापडला आणि १९८४ साली ‘ह्यूमन जेनेटिक्स’मध्ये नोंदवला गेला. सिंधी समाजातही ही कमतरता आढळते, म्हणून उल्हासनगरला विषय परका नाही. अशा पेशींचा बचाव मुळातच लंगडा. तरीही, किंबहुना त्यामुळेच, त्यांत परजीवीचे नीट फावत नाही. अँटिऑक्सिडंटने तो मरत असता, तर चित्र उलटे दिसले असते.

गैरसमज: जी-६-पीडी कमी असलेल्यांना मलेरिया होतच नाही.
वस्तुस्थिती: होतो, संरक्षण मिळते ते अपुरे.

गैरसमज: ताप उतरला की गोळ्या बंद.
वस्तुस्थिती: व्हायवॅक्स हा प्लास्मोडियमचा प्रकार यकृतात दडून राहतो आणि काही महिन्यांनीही उलटतो, त्यासाठीच प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स असतो.

गैरसमज: प्रायमाक्विन कोणालाही चालते.
वस्तुस्थिती: जी-६-पीडी कमी असल्यास या औषधाने तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी काळपट होते. गरोदर स्त्रियांना आणि तान्ह्या बाळांना ते देत नाहीत.

ताप आल्यास रक्त तपासून घ्यावे, प्रायमाक्विनआधी जी-६-पीडी तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे आणि त्यांनी दिलेला कोर्स पूर्ण करावा.