गोड काम कारखान्याचं, कडू काम आपलं

दूध घालून केलेला चहा गरम असतानाच त्यात मार्शमेलो विरघळवायचे, वाट्यांत ओतायचे आणि तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवायचे. जपानी घरांत आवडीने केल्या जाणाऱ्या या थंडगार गोडाची कृती एवढीच. ती इतकी सोपी वाटते, कारण अवघड कामं आधीच कोणीतरी करून ठेवलेली असतात. मार्शमेलो म्हणजे साखर, साखरेचा घट्ट पाक आणि जिलेटिन एकत्र घोटून त्यात कोंडलेली हवा. जिलेटिन मोजणं, भिजवणं, गुठळी न होऊ देता विरघळवणं, गोडाचं प्रमाण ठरवणं, हे सगळं त्या पांढऱ्या गोळ्यात उरकलेलं असतं. गरम चहात तो विरघळला की जिलेटिन मोकळं होतं आणि थंडीत जाळं विणून चहाला धरून ठेवतं. कोंडलेली हवा फेसाच्या रूपाने वर येते, म्हणून पुष्कळदा वाटीत आपोआप दोन थर दिसतात: वर हलका फेस, खाली थरथरती जेली. खरवस उष्णतेने बसतो, हा पदार्थ थंडीने.

मग करणाऱ्याच्या हाती उरतं काय? फक्त चहा, आणि बहुतेकांचा पदार्थ तिथेच फसतो. 200 मिलिलिटर चहाला 100 ग्रॅम मार्शमेलो घेतले तर त्यातली साखर 60 ते 70 ग्रॅमच्या आसपास भरते. चार वाट्या केल्या तर प्रत्येकीत सुमारे चार लहान चमचे. ‘हे फार गोड होतं’ ही तक्रार खरीच आहे, पण मार्शमेलो कमी करणं हा तिच्यावरचा उपाय नव्हे. तसं केलं तर जिलेटिनही घटतं आणि वाटीत पातळ खीर उरते. उपाय चहाच्या बाजूने करायला हवा: वरून साखर अजिबात नको, आणि चहा रोजच्यापेक्षा दुप्पट कडक हवा. दुधातली प्रथिनं चहाचा तुरटपणा बांधून ठेवतात आणि गारव्यात चव-वास दोन्ही मंदावतात, त्यामुळे प्यायला बरोबर लागणारा चहा इथे मिळमिळीत ठरतो. सुवासिक, महागडी पानं यात वाया जातात असं माझं मत. आसामात 1930च्या दशकात आकाराला आलेल्या सीटीसी पद्धतीची, आपल्या टपरीवरची दाणेदार पावडरच इथे कामाची. आलं घालायचं तर चहाबरोबर चांगलं उकळूनच घालावं. कच्च्या आल्याच्या रसात प्रथिनं तोडणारं विकर असतं, ते जिलेटिनचं जाळं बसूच देत नाही. मटण मऊ करणारी कच्ची पपई तेच करते, कच्चं अननसही.

खरा आक्षेप वेगळाच आहे. जिलेटिन जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून काढतात, म्हणून असे मार्शमेलो शाकाहारात बसत नाहीत. पाकिटावरची तपकिरी खूण पाहूनच विकत घ्यावेत. शाकाहारी मार्शमेलोही मिळतात, पण त्यांना धरून ठेवणारा घटक निराळा असल्याने ते विरघळून पुन्हा बसतीलच याची खात्री नसते. त्यापेक्षा सरळ चायना ग्रास घ्यावं, असं म्हणता येईल, आणि ते योग्यही आहे. मात्र तो पदार्थ मग दुसराच होतो. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून बनतं, उकळल्याशिवाय विरघळत नाही, साध्या खोलीतही बसतं आणि एकदा बसलं की वितळायला 85 अंशांच्या आसपास तापमान लागतं. जिलेटिन मात्र शरीराच्या उष्णतेलाच वितळतं. म्हणून एक दातांखाली तुटतं, दुसरं जिभेवर विरतं. मुंबईच्या उन्हाळ्यात पंगतीला तासभर वाट्या मांडून ठेवायच्या असतील, तर तुटणारं बरं. फ्रिजमधून थेट हातात द्यायचं असेल, तर विरणारं.