मधुमेह आणि रोजचे ताट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मधुमेहात स्वादुपिंडात पुरेसे इन्सुलिन तयार होत नाही किंवा तयार झालेल्या इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही. परिणामी रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण वाढलेले राहते. उपाशीपोटी केलेल्या तपासणीत ते दर डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक, किंवा दीर्घकाळाची सरासरी दाखवणारे एचबीए१सी ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आढळले, तर मधुमेहाचे निदान होते. लक्षणे नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री केली जाते. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे.

मधुमेह असलेल्या माणसाला आजारासोबत सल्लेही मिळतात. कोणी ताटाकडे पाहून ‘हे तुम्हाला चालतं का?’ असे विचारते, तर कोणी ‘एवढ्याने काही होत नाही’ म्हणत वाढत राहते. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत असते : चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या पदार्थांच्या दोन याद्या केल्या की काम झाले. प्रत्यक्षात शुगर किती वाढेल हे पदार्थातील कर्बोदके, त्याचे प्रमाण, सोबत खाल्लेले अन्न आणि चालू असलेली औषधे यांवर ठरते.

गैरसमज : गोड खाणाऱ्यांना आणि जाड माणसांनाच मधुमेह होतो.

वस्तुस्थिती : टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. हा प्रकार बहुधा लहान वयात दिसतो आणि त्याचा मिठाईशी किंवा आईवडिलांच्या लाडांशी काही संबंध नसतो. टाइप २ मध्ये आनुवंशिकता, वय, पोटावरची चरबी आणि बैठी राहणी यांचा वाटा मोठा असतो. गोड पेये आणि मिठाया वजन वाढवून धोका वाढवतात, पण त्या एकमेव कारण नव्हेत.

सडपातळ दिसणे हीही हमी नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना मांडली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. दिसायला बारीक पण आतून चरबीयुक्त अशी अंगकाठी भारतीयांत सर्रास आढळते. म्हणून भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २५ ऐवजी २३ बीएमआयला आखली जाते.

गैरसमज : साखर वाईट, गूळ आणि मध कितीही चालतात.

वस्तुस्थिती : गूळ हा मुख्यतः साखरच असतो. १०० ग्रॅम साखरेतून सुमारे ४०० कॅलरी मिळतात आणि गुळातूनही जवळपास तेवढ्याच. गुळात थोडे लोह आणि इतर खनिजे असतात, पण ती पुरेशी मिळावीत एवढा गूळ खाल्ला तर शुगर कुठल्या कुठे जाईल. मधातही सुमारे ८० टक्के शर्करा असते. चहात साखरेऐवजी गूळ घातल्याने चव बदलते, हिशोब बदलत नाही.

गैरसमज : भात बंद करून पोळी-भाकरी हवी तेवढी खावी.

वस्तुस्थिती : १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात, ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे २० ग्रॅम. म्हणजे भात सोडून दोन पोळ्यांच्या चार केल्या, तर कमावलेले काही नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी यांत पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा तंतू अधिक असतात, हे खरे. पण नाचणीच्या बारीक पिठाची पातळ आंबील लवकर पचते आणि शुगरही लवकर वाढवते.

धान्याचा वाटा आवरणे आणि ताटाची डावी बाजू वाढवणे अधिक उपयोगी पडते. साधारण अर्धे ताट पालेभाजी, फळभाजी आणि कोशिंबीर. पाव ताट उसळ, डाळ, मासे, अंडी किंवा पनीर. उरलेले पाव ताट भात, पोळी किंवा भाकरी, अशी विभागणी सोपी जाते. बटाटा, रताळे आणि सुरण यांची गणना भाजीत न करता धान्यासोबत करावी. कोशिंबीर आणि उसळ आधी व भात-पोळी शेवटी खाल्ल्यास जेवणानंतरची शुगर कमी वाढते, असे अभ्यासांत आढळले आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्यानेही फरक पडतो.

गैरसमज : उपवासाचे पदार्थ हलके, म्हणून निर्धोक.

वस्तुस्थिती : साबुदाणा टॅपिओकाच्या कंदातील पिठुळ अंशापासून बनतो. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात. प्रथिने आणि तंतू नगण्य. खिचडीत बटाटा पडतो तेव्हा स्टार्चमध्ये स्टार्चची भर पडते. दाण्याच्या कुटाने पचन थोडे मंदावते, पण कॅलरीही वाढतात. वरईचा भात तांदळाच्या भाताइतकाच मोजून खावा. राजगिऱ्यात प्रथिने बरी असतात, म्हणून त्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर आणि दही हा बेत खिचडी-वड्यांपेक्षा सरस ठरतो.

खरा धोका वेगळाच आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना निर्जळी किंवा दिवसभराचा उपवास केला, तर शुगर धोकादायकरीत्या उतरू शकते. एकादशी असो वा नवरात्र, औषधाची मात्रा आणि वेळ डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी.

गैरसमज : फळे, विशेषतः आंबा, वर्ज्य.

वस्तुस्थिती : १०० ग्रॅम आंब्याच्या गरात सुमारे १५ ग्रॅम कर्बोदके असतात. अर्धा हापूस जेवणानंतर न खाता दोन जेवणांच्या मधल्या वेळी खाल्ला, तर बहुतेकांच्या हिशोबात बसतो. वाटीभर साखर घातलेला आमरस आणि त्यासोबत पुऱ्या ही गोष्ट निराळी. पेरू, संत्रे, सफरचंद, पपई ही फळे चावून खावीत. रस गाळला की तंतू जातात आणि एका ग्लासात तीन-चार संत्र्यांची साखर येते.

गैरसमज : ‘शुगर फ्री’ लिहिलेले पोटभर खावे.

वस्तुस्थिती : अशा बिस्किटांत साखर नसली तरी मैदा आणि स्निग्धांश असतातच. वेष्टनावरचा एकूण कर्बोदकांचा आकडा पाहावा.

गैरसमज : कारल्याचा रस, मेथ्या किंवा काढे घेतले की गोळ्या सुटतात, इन्सुलिन लागले की सारे संपले.

वस्तुस्थिती : मेथ्यांतील तंतूंमुळे ग्लुकोजचे शोषण मंदावते आणि कारले ही चांगली भाजी आहे, पण दोन्ही औषधांची जागा घेत नाहीत. टाइप १ मध्ये इन्सुलिन थांबवणे जिवावर बेतते. १९२२ मध्ये टोरांटोत ते प्रथम रुग्णाला देण्यात आले. त्याआधी हा आजार झालेली मुले फार काळ जगत नसत. इन्सुलिनची सवय लागत नाही. टाइप २ मध्ये वर्षे जातात तसे स्वादुपिंड थकते, म्हणून ते लागू शकते. तो रुग्णाच्या निष्काळजीपणाचा पुरावा नसतो. काही जणांनी वजन बरेच उतरवल्यावर गोळ्या बंद झाल्या आहेत, पण तो निर्णय तपासण्या पाहून डॉक्टरच घेतात.

गैरसमज : मधुमेह असलेल्याने साखर खाल्ली, तर त्याला तिथेच अडवावे.

वस्तुस्थिती : शुगर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, धडधड होते, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी साखर हाच उपचार. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज लगेच द्यावे, १५ मिनिटांनी शुगर तपासावी आणि गरज पडल्यास पुन्हा द्यावे. पेढा किंवा चॉकलेट यांतील स्निग्धांशामुळे परिणाम उशिरा होतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

एरवीही पाहुण्याच्या ताटावर पहारा ठेवण्याची गरज नसते. उकडीच्या मोदकात तांदळाची पिठी आणि गूळ असतो, पण त्या जेवणात भात वगळून एक मोदक खाणारा पथ्य मोडत नसतो. उलट, ‘एवढा तरी घ्याच’ या आग्रहाने त्याने केलेला हिशोब बिघडतो. अशा वेळी आजाराचा इतिहास सांगत बसण्यापेक्षा ‘एक घेतला, आता पुरे’ एवढे ठाम उत्तर पुरते. यजमानाने साखरेचा डबा वेगळा ठेवून बिनसाखरेचा चहा सर्वांसाठीच केला आणि कोशिंबीर भरपूर ठेवली, तर कोणालाच वेगळे पाडावे लागत नाही. टाइप १ असलेल्या मुलाच्या शाळेत वर्गशिक्षकांना शुगर उतरल्याची लक्षणे आणि ग्लुकोजची जागा ठाऊक असावी. घरातल्यांनीही तेच ताट घेतले तर उत्तम. ते प्रत्येकाच्याच हिताचे असते.