घरच्या नेटवर्कचा सातबारा

कागदाच्या वरच्या टोकाला एक ढग काढलेला असतो. ढगातून एक रेघ खाली उतरते आणि एका चौकोनात शिरते. हा फायबरवाल्याने दारामागच्या भिंतीवर ठोकून दिलेला डबा. तिथून राउटर, राउटरखाली स्विच (विजेचा नव्हे, लॅन केबली खोचायचा) आणि स्विचमधून फुटलेल्या रेघा. एक दिवाणखान्यातल्या टीव्हीला, एक कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरला, एक प्रिंटरला, एक माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरला, ज्याच्यावर आता घरातले सगळे फोटो साठवलेले आहेत. वायफायवरची मंडळी तुटक रेघांनी जोडलेली. प्रत्येक चौकोनाखाली बारीक अक्षरात आकडे, 192.168.1.20 असे. ढग म्हणजे इंटरनेट, म्हणजे आपल्या हाताबाहेरचं सगळं. त्यात काय आहे हे काढायची गरज नाही म्हणून तो ढग. जगभरातले हौशी लोक आपापल्या घरांची अशी चित्रं काढतात, एकमेकांना दाखवतात, आणि बघणारे लगेच खोडी काढतात : तुझा कॅमेरा आणि बँकेचे व्यवहार करायचा लॅपटॉप एकाच जाळ्यात कसे? या छंदाला ते ‘होमलॅब’ म्हणतात. त्याचा पगार कुणाला मिळत नाही.

दोन बेडरूमच्या फ्लॅटला नकाशा कशाला, असं म्हणून हसायला येतं खरं. नकाशा शहराचा असतो, धरणाचा असतो. पण डिसेंबर 1969 मधलं एक चित्र पाहा. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटचं ते हातानं काढलेलं रेखाटन. त्यात चार गोल आहेत, कॅलिफोर्नियातली तीन ठिकाणं आणि एक युटा विद्यापीठ. एवढंच तेव्हाचं सगळं जाळं, आणि ते काढून ठेवावं असं त्या अभियंत्यांना वाटलं. आज मध्यमवर्गीय घरात चौघांचे चार फोन, एखाद-दुसरा लॅपटॉप, टीव्ही, डीव्हीआर, प्रिंटर, आवाजावर चालणारा स्पीकर, ॲपवर चालणारा बल्ब किंवा गीझर असं मोजत गेलं तर आकडा सहज दहाच्या पुढे जातो. जाळं त्या चार गोलांपेक्षा मोठं आहे आणि त्याचा कागद मात्र कुठेच नाही. जमीन एक गुंठा असली तरी तिचा सातबारा असतो, मोजणी होते, हद्दीचे दगड असतात. घरातल्या ज्या गोष्टीवर मुलांचा अभ्यास, बँक, ऑफिस आणि दाराबाहेरचा कॅमेरा चालतो, तिची नोंद कोणाकडे आहे? बहुतेक घरांत ती केबल ओढून गेलेल्या पोऱ्याच्या डोक्यात असते, आणि तो पोऱ्या दरम्यान नोकरी बदलून गेलेला असतो.

हौशी लोकांच्या या खटाटोपातलं खरं मोल चित्रात कमी आणि चित्र काढण्यात जास्त आहे. आपल्याला जे माहीत आहे ते आपण कागदावर उतरवतो आहोत, अशा समजुतीने माणूस बसतो. तिसऱ्या-चौथ्या रेघेलाच पेन थांबतं. स्विचमधून आठ केबली निघतात, चित्रात सातच झाल्या. आठवी कुठे जाते? बेडरूमच्या भिंतीतला पॉइंट कशाला जोडलेला आहे, की नुसताच सॉकेट बसवून ठेवलाय? जमिनीच्या मोजणीत बांध सरकलेला सापडतो तसंच हे. मोजणी होईपर्यंत दोन्ही बाजूंना आपापली हद्द पक्की ठाऊक असते.

शिवाय असा नकाशा काढताना काय गाळायचं हे ठरवावं लागतं, आणि त्यातच निम्मी समज येते. लंडनच्या भुयारी रेल्वेचा प्रसिद्ध नकाशा हॅरी बेक याने 1931 मध्ये तयार केला आणि तो 1933 मध्ये छापला गेला. बेक हा विजेच्या आकृत्या काढणारा ड्राफ्ट्समन. त्याने खरी अंतरं आणि वळणं सोडून दिली आणि रेघा आडव्या, उभ्या, तिरक्या एवढ्याच ठेवल्या, कारण प्रवाशाला गाडी कुठे बदलायची एवढंच हवं असतं. घरच्या नेटवर्कचे मात्र दोन वेगळे नकाशे लागतात आणि नवखा हौशी नेमका इथे गोंधळतो. एक केबलींचा : कुठली तार कुठल्या पाइपातून जाते, कुठल्या पॉइंटला निघते. दुसरा संबंधांचा : कोण कोणाशी बोलू शकतं आणि कोणामार्फत. हे दोन जुळतीलच असं नाही. एकाच तारेतून तीन वेगवेगळी जाळी जाऊ शकतात. त्याला व्हीलॅन म्हणतात. एकाच स्विचला शेजारीशेजारी खोचलेला कॅमेरा आणि लॅपटॉप एकमेकांना दिसूही नयेत अशी सोय त्याने करता येते. चाळीतल्या दोन खोल्यांची भिंत सामाईक असली तरी येणंजाणं असतंच असं नाही, तसं.

ते 192.168 चे आकडे बघून आणखी एक गोष्ट उलगडते. इंटरनेटच्या जुन्या पत्त्यांची एकूण संख्या साधारण 429 कोटी. जगातल्या प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता द्यायचा तर ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर फेब्रुवारी 1996 च्या एका मानकाने काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवले. ते कोणीही वापरावेत, फक्त घराबाहेर चालणार नाहीत. ‘मारुतीच्या देवळाशेजारी’ हा पत्ता गावात पुरेसा असतो, पण त्यावर दुसऱ्या जिल्ह्यातून पत्र येत नाही, कारण मारुती गावोगावी आहे. म्हणून वेशीवर एक जण बसवावा लागतो, जो आतला पत्ता बाहेरच्या पत्त्यात बदलून देतो. हे काम राउटर करतो. पुष्कळ घरांत फायबरवाल्याचा डबाही तेच काम करत असतो आणि हौसेने आणलेला नवा राउटरही. म्हणजे वेशी दोन. एरवी काही बिघडत नाही. एखादा गेम किंवा बाहेरगावाहून कॅमेरा बघायची सोय तेवढी चालत नाही, आणि का चालत नाही ते कळत नाही. नकाशात मात्र एकाखाली एक दोन वेशी काढाव्या लागल्या की कारण समोर येतं.

याहून त्रासदायक प्रकार जुन्या राउटरचा. आतल्या खोलीत वायफायची रेंज येत नाही म्हणून कपाटातला जुना राउटर काढून तिथल्या पॉइंटला जोडला जातो. रेंज येते, सगळे खूश. दोन दिवसांनी तक्रारी सुरू होतात. एका फोनवर नेट चालतं, शेजारच्या फोनवर नाही. प्रिंटर सकाळी सापडतो, संध्याकाळी हरवतो. टीव्ही बंद करून चालू केला की कधी सुधारतो, कधी नाही. घडलेलं असतं असं की नव्या यंत्राला पत्ता देण्याचं काम आता दोघं जण करू लागलेत. घरात आलेलं प्रत्येक यंत्र ‘मला नंबर द्या’ अशी हाक मारतं आणि जो आधी उत्तर देईल त्याचा नंबर घेतं. मुख्य राउटरने दिला तर बाहेरची वाट बरोबर मिळते. जुन्याने दिला तर तो बाहेरची वाट म्हणून स्वतःकडे बोट दाखवतो, आणि त्याच्या पलीकडे काहीच नसतं. कोण आधी बोलेल याचा नेम नाही, म्हणून बिघाडही एका जागी थांबत नाही, आणि अशा फिरत्या बिघाडासमोर माणूस हरतो. फायबरवाल्याला फोन जातात, तो येऊन ‘आमच्याकडून नेट येतंय’ म्हणून दाखवतो, आणि ते खरंच असतं. नकाशा काढणारा मात्र प्रत्येक चौकोनाशेजारी ‘हा पत्ते देतो का?’ हे लिहीत जातो आणि दोन ठिकाणी ‘हो’ आलं की उठून जुन्या राउटरमधली ती सोय बंद करतो.

यावर कोणी म्हणेल की राउटरच्या ॲपमध्ये सगळ्या यंत्रांची यादी मिळते, हातानं काढायचं कशाला? यादी मिळते, पण तिच्यात ‘ईएसपी’ने सुरू होणारी, पुढे नुसते अक्षर-आकडे असलेली नावं निघतात, आणि तो गीझर आहे की बल्ब हे यादी सांगत नाही. शिवाय खासगीपणा जपण्यासाठी अलीकडचे फोन आपली खरी ओळख सांगत नाहीत. वेगवेगळ्या वायफायवर वेगवेगळा बनावट क्रमांक पुढे करतात. यादीत पाहुणा कोण आणि घरचा कोण हे माणसालाच ठरवावं लागतं. 2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले असे बेवारस कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्ड वापरून पाहायचे. ते कोणी बदललेच नव्हते. त्या यंत्रांच्या फौजेने 21 ऑक्टोबर 2016 रोजी डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेतल्या बऱ्याच भागात काही तास बंद पडल्या. आपला डीव्हीआर त्या फौजेत उभा आहे याची त्यांच्या मालकांना गंधवार्ता नव्हती. नकाशाने पासवर्ड बदलत नाही हे कबूल, पण प्रत्येक चौकोनासमोर ‘पासवर्ड बदलला का’ असा रकाना करणारा माणूस निदान तो प्रश्न विचारतो.

दुसरा आक्षेप छंदाच्या थाटाबद्दल आहे, आणि त्यात तथ्य आहे. चार माणसांच्या घरात डझनभर सर्व्हर, रंगीत केबली, लुकलुकणारे दिवे आणि त्यांचं नक्षीदार चित्र, असले नमुने भरपूर. काहींच्या बाबतीत यंत्रासाठी नकाशा न होता नकाशात जागा रिकामी दिसते म्हणून यंत्र विकत आणलं जातं. 100 वॅटचं यंत्र दिवसरात्र चालू ठेवलं तर वर्षाला 876 युनिट जळतात. वीजबिल बघणाऱ्या माणसाने हा गुणाकार एकदा करावा. एक राउटर आणि चार फोन एवढंच असेल तर पाठकोऱ्या कागदावरच्या पाच रेघा पुष्कळ झाल्या. पण ‘आमचं नेटवर्क साधंच आहे’ हे वाक्य मोठमोठ्या संस्थांनीही म्हटलेलं असतं. नोव्हेंबर 2002 मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डिकॉनेस रुग्णालयाचं नेटवर्क सुमारे चार दिवस कोलमडलं आणि डॉक्टरांना कागदावर औषधं लिहून, कागद हातोहात पोचवून काम निभवावं लागलं. जाळं तुकड्यातुकड्याने, लागेल तसं वाढत गेलं होतं, आणि वाढता वाढता ज्या तंत्रावर ते उभं होतं त्याची मर्यादा ओलांडली गेली होती. घराचं जाळंही असंच वाढतं. कोणी ते एका दिवशी बांधत नाही. दिवाळीच्या सेलमध्ये एक वस्तू येते, कोणी परदेशातून एक आणतं, जुनी फेकवत नाही म्हणून राहते.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे. नकाशा शिळा होतो. गेल्या वर्षीचा चुकीचा नकाशा हा नकाशा नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर विश्वास ठेवून माणूस भलतीच केबल उपटतो. याला उत्तर महसूल खात्याने कधीच शोधून ठेवलंय : फेरफार. जमिनीत बदल झाला की सातबारा नुसता खोडून लिहीत नाहीत. आधी फेरफाराच्या नोंदवहीत नोंद पडते, तिला क्रमांक मिळतो, मग ती सातबाऱ्यावर चढते. संगणकातली मुरलेली मंडळी हेच वेगळ्या साधनांनी करतात. चित्र माउसने ओढूनताणून काढण्याऐवजी ‘राउटर ते स्विच, स्विच ते टीव्ही’ असं मजकुरात लिहायचं, चित्र प्रोग्रॅमने काढायचं, आणि मजकुरातला प्रत्येक बदल तारखेसह जपायचा. घरगुती माणसाला पेन्सिल आणि कोपऱ्यात तारीख एवढं पुरतं. आणि असा कागद चोराच्या हाती लागला तर? घरातले 192.168 चे पत्ते बाहेरच्याच्या फारसे कामाचे नाहीत. पासवर्ड, बाहेरचा पत्ता आणि बाहेरून उघडी ठेवलेली दारं मात्र चारचौघांत मिरवायच्या चित्रात असू नयेत. कौतुकाच्या भरात ती काही वेळा राहून जातात.

राहता राहिली घरातली बाकीची माणसं. हौशी माणसाने सगळं स्वतः उभारलेलं असतं. तो परगावी गेला, आजारी पडला किंवा गेलाच, तर मागे राहणाऱ्यांच्या हाती येतात लुकलुकणारे डबे आणि फोटो नेमके कशात आहेत हा प्रश्न. या छंदातली शहाणी माणसं म्हणून दोन चित्रं काढतात. एक आपल्या बरोबरीच्यांना दाखवायचं, आकड्यांनी भरलेलं. दुसरं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं, मोठ्या अक्षरातलं. त्यावर ढग नसतो, 192.168 चे आकडे नसतात. ‘नेट गेलं तर आधी पांढरा डबा बंद करा, मनात तीसपर्यंत मोजा, चालू करा. तरीही नाही आलं तर काळा. निळ्या केबलीला हात लावू नका, फोटो तिच्यावर आहेत.’ खाली फायबरवाल्याचा ग्राहक क्रमांक आणि तारीख. बऱ्याचदा ‘काळा’ हा शब्द खोडून वर पेन्सिलीने ‘राखाडी’ लिहिलेलं असतं.