डोंगरावरची सायकल भाजीला निघाली

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत ते दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना सायकलीचा बिल्ला नक्की आठवत असेल. महापालिकेचा कर भरला की तो चिमुकला बिल्ला मिळे. रात्री दिवा नसला की पोलीस शिट्टी फुंकत आणि डबलसीट सापडणाऱ्याची तर धडगतच नसे. सायकलीला कर होता, कायदा होता, म्हणजेच वाहन म्हणून प्रतिष्ठा होती. आज ती एकतर मुलांचे खेळणे झाली आहे, नाहीतर पहाटे सिंहगडाकडे निघालेल्या हौशी मंडळींचे व्यायामाचे साधन. मधली, रोज कामावर आणि बाजारात नेणारी सायकल गेली कोठे?

ती कोठेही गेलेली नाही. कोणत्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिन्याखाली डोकावून पाहा. धुळीने माखलेल्या, टायर बसलेल्या चार-सहा सायकली एकमेकींच्या गळ्यात पडून उभ्या असतात. त्यातल्या निम्म्या जाड टायरच्या, सरळ हँडलच्या, गिअरवाल्या ‘माउंटन बाइक’. मुलगा दहावीला गेला तेव्हा हट्टाने घेतलेल्या. मुले परगावी, परदेशी गेली आणि सायकली राहिल्या. बँकेत अशा खात्यांना आम्ही निष्क्रिय खाती म्हणत असू. खात्यात शिल्लक असते, व्यवहार तेवढा थांबलेला असतो.

आमच्या सोसायटीने ‘बेवारस सायकली भंगारात देण्यात येतील’ अशी नोटीस लावली, तेव्हा आमचेही खाते पुन्हा उघडायचे मी ठरवले.

या सायकलीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी नावाचा भाग आहे. तेथील काही तरुण १९७०च्या दशकात जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन टॅमलपाइस डोंगराच्या उतारावरून सुसाट खाली येत. १९७६पासून त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. शर्यतीचे नाव ‘रीपॅक’. उतारावर ब्रेक इतका तापे की त्यातले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव. १९७७ साली जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी सायकल बांधली आणि १९८१मध्ये ‘स्टम्पजंपर’ ही कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होणारी सायकल बाजारात आली. पण या सर्वांची आजी कोण? घरोघरी वर्तमानपत्रे टाकणाऱ्या अमेरिकन पोरांची धट्टीकट्टी सायकल! म्हणजे डोंगरावरच्या सायकलीला शहरात आणणे हा तिच्यावर अन्याय नाही. ती आपल्या माहेरीच येते.

तिला शहरी करताना पहिला मान टायरचा. डोंगरी टायरवरचे रबराचे ठोकळे मातीत रुततात म्हणून उपयोगी. डांबरी रस्त्यावर तेच वाकतात, घरघरतात आणि आपल्या पायांची ताकद खातात. गुळगुळीत टायर पावसात घसरेल ही भीतीही व्यर्थ आहे. सायकलीचे टायर इतके अरुंद आणि वेग इतका कमी, की पाण्यावर तरंगण्याचा प्रश्नच येत नाही.

टायर घेताना मात्र एक खोच आहे आणि आयुष्यभर आकडेमोड केलेल्या माणसाला ती चक्रावून टाकते. गणितात १.५ आणि १½ एकच, सायकलीत नाही. ‘२६ x १.५’ हा टायर ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, तर ‘२६ x १½’ हा ५८४ मिलिमीटरच्या. एक दुसऱ्याच्या चाकावर चढणार नाही. म्हणून टायरच्या कडेला बारीक अक्षरात छापलेला ‘४०-५५९’ असा आकडा वाचावा. पहिला रुंदीचा, दुसरा रिमचा. जुन्या २६ इंची माउंटन बाइकला दुसरा आकडा ५५९च हवा.

आमच्या सायकलीचा पुढचा चिमटा सुदैवाने साधा. स्प्रिंगवाला चिमटा स्वस्तातला असेल तर चढावर पायडल मारण्याची ताकद स्प्रिंग दाबण्यातच जाते. तो बदलायचा झाल्यास नवा तेवढ्याच उंचीचा घ्यावा. आखूड घेतला की हँडलचा तोल बदलतो.

मग साखळी. फूटपट्टी लावून बारा पूर्ण कड्या मोजाव्यात. त्या बरोबर बारा इंच भरायला हव्यात. एक सोळांश इंच जास्त भरल्या तर साखळी बदलावी. एक अष्टमांश भरल्या तर मागचे फ्रीव्हीलही गेले असे समजावे. आमची साखळी पहिल्या वर्गातली निघाली. वाळून दगड झालेले ब्रेकचे रबर आणि तारा बदलल्या, मिस्त्रींनी चाकांचा आउट काढला. मडगार्ड, कॅरियर, स्टँड, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा बसवला. हँडल थोडे वर घेतले. साठीनंतरची पाठ शर्यतीसाठी नसते. मजुरीसह सारा खर्च ४,६४० रुपये. गिअर एकवीस असले तरी रोजच्या वापरात चार-पाचच लागतात.

खरा प्रश्न यंत्राचा नव्हताच. “सायकल छान झाली हो, पण रस्ता कोण दुरुस्त करणार?” हा सौभाग्यवतींचा प्रश्न होता. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या वयात मोडलेले हाड लवकर जुळत नाही आणि मागून येणाऱ्या बसला आपले वय दिसत नाही. सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती कायद्याने नाही, ती घरातून झाली. अंधारानंतर सायकल नाही, हेही ठरले. कर्वे रस्ता टाळून मी आतल्या गल्ल्यांनी डेक्कनला जातो. जाताना उतार, येताना किंचित चढ. बँक, भाजी, ग्रंथालय ही कामे होतात आणि गाडी लावायला जागा शोधावी लागत नाही. तरीही मी परत येईपर्यंत घरातले कान घंटीकडे असतात, हे मला ठाऊक आहे.

पुणे महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. भाड्याच्या रंगीत सायकलीही त्याच सुमारास आल्या आणि यथावकाश दिसेनाशा झाल्या. सायकल मार्गांवर कोठे गाड्या उभ्या, कोठे टपऱ्या. यावर प्रशासन म्हणते, सायकलस्वार आहेतच कोठे? आणि नागरिक म्हणतात, मार्गच नाही तर सायकल काढू कशी? हे कोडे कोणीतरी एका बाजूने सोडवायला हवे. रस्त्यावर रोज पन्नास सायकली दिसल्या तर एकावन्नाव्याला कमी भीती वाटेल आणि मोटार चालवणाऱ्यालाही बघून वळण्याची सवय लागेल.

तेव्हा आज दुपारची वामकुक्षी आटोपली की जरा जिन्याखाली डोकावा. टायर बसले असतील, पण सांगाडा शाबूत असेल. सांध्यांपाशी तडा नाही ना एवढे पाहा, आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रींना गाठा. चारचाकी उद्याही राहील. पण त्या जिन्याखालच्या सायकलीवर भंगारवाल्याची नजर आहे.