आधी दोर, मग करवत. त्याहून आधी विमा

पावसाळा तोंडावर आला की महापालिका आणि गृहनिर्माण सोसायट्या झाडे छाटण्याची कामे काढतात. आजवर दुसऱ्याच्या ठेक्यावर झाडावर चढणारा आपला तरुण आता स्वतः ठेका घेणार असेल तर त्याचे स्वागतच आहे. पण मजूर मालक झाला की इतर मजुरांच्या जिवाची जबाबदारीही त्याच्यावर येते. ती कशी पेलायची, हा खरा प्रश्न आहे.

हातात भांडवल आले की आधी पेट्रोलवर चालणारी करवत घेण्याचा मोह होतो. क्रम उलटा हवा. आधी अंगभर बांधायचा सेफ्टी बेल्ट, चांगला दोर आणि हनुवटीला पट्टा असलेले हेल्मेट घ्या. वर करवत चालवणारा माणूस दोन दोरांनी बांधलेला असावा. करवतीने एक कापला गेला तर दुसरा जीव धरतो. करवत चेन ब्रेक असलेलीच घ्यावी, आणि ती खांद्याच्या वर उचलून चालवू नये. तारांजवळची फांदी वीजपुरवठा बंद झाल्याशिवाय तोडायची नाही, हे काम घेतानाच बजावावे.

आता कायदा. १९२३ च्या भरपाई कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. तत्त्व तेच राहिले : कामावर अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची. मजूर मेला तर 'त्याने बेल्ट बांधला नव्हता' ही सबब चालत नाही. जुन्या कोष्टकाप्रमाणे महिना १०,००० रुपये वेतनाच्या, ३० वर्षांच्या मजुराच्या मृत्यूची भरपाई १०,३९,९०० रुपये होत असे. कोणता लहान ठेकेदार एवढी रक्कम घरातून देईल?

म्हणून मजुरांसाठी भरपाईची पॉलिसी घ्यावी. तिच्यात मजुरांची खरी संख्या, खरे वेतन आणि 'झाडावर चढण्याचे काम' हे स्पष्ट लिहावे. लपवाल तर दाव्याच्या वेळी कंपनी हात वर करील. गाडीवर किंवा वाटसरूवर फांदी पडली तर त्यासाठी त्रयस्थ नुकसानीचा वेगळा विमा लागतो. मालक स्वतः झाडावर चढत असेल तर त्याला वेगळा अपघात विमा हवा. वर्षाला २० रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. ती जरूर घ्यावी, पण तिने मालकाची जबाबदारी संपत नाही.

हा सारा खर्च दरपत्रकात धरा. काम मिळवण्यासाठी दर पाडायचा आणि ती तूट मजुराच्या जिवावर भरून काढायची, ही जुन्या ठेकेदारांची रीत आहे. आपल्या माणसाने मालक होऊन तीच रीत चालवली, तर बदलले काय?